कोइनेट आणि चाळीस फुटांची शाळा

कोइनेटला ईमेल पाठवली की उत्तर येत नसे, कोइनेट येत असे. दुबईच्या जबल अली बंदरावरच्या आमच्या ऑफिसात तो कस्टम्स क्लिअरन्सचा प्रमुख. त्याचं टेबल पार दुसऱ्या टोकाला. तिथून हा उंच माणूस उठायचा, टेबलांमधून वाट काढत आपल्यापुढे येऊन उभा राहायचा आणि शांतपणे म्हणायचा, "लिवलंस तां वाचलंय. आता तोंडान सांग."

‘आपल्या विभागाच्या निष्काळजीपणामुळे शिपमेंट अडकली आहे, याची नोंद घ्यावी’ हे वाक्य टाइप करायला फार सोपं असतं. शिवाय चार साहेबांना कॉपी ठेवली की जेवण चांगलं पचतं. पण तेच वाक्य समोर उभ्या माणसाच्या डोळ्यांत बघून म्हणून दाखवायचं म्हणजे जीभ अडखळते. आम्ही एकदा अडखळायचो, दुसऱ्यांदा अडखळायचो, आणि तिसऱ्या खेपेला तोंडातून निघायचं, "जरा बघशील का, कोइनेट?"

"हां. मग ह्यांच लिवचां होतां," असं म्हणून तो परत जायचा. काम संध्याकाळपर्यंत झालेलं असायचं.

केनियातला मसाई माणूस मालवणी कसा बोलतो, हा प्रश्न नव्या माणसाला पडायचाच. तो दुबईत आला तेव्हा गोदामात माल मोजायच्या कामावर होता. कंपनीने त्याला ज्या खोलीत बेड दिला, त्या खोलीतले बाकीचे सगळे कुडाळ-वेंगुर्ल्याचे. दुबईत हिंदीवाचून चालत नाही असं कोणीतरी सांगितलं, म्हणून तो त्यांच्याकडून मन लावून हिंदी शिकला. आपण शिकलो ती हिंदी नव्हती, हे त्याला बऱ्याच उशिरा कळलं. तोवर त्याने दिल्लीच्या एका साहेबांना अत्यंत आदराने ‘मेल्या’ म्हटलेलं होतं. पुढे तो परीक्षा देत देत वर चढला, हिंदी आणि इंग्रजी दोन्हींत पक्का झाला, पण राग, प्रेम आणि थट्टा या तीन गोष्टी त्याने मालवणीतच ठेवल्या. आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा ताट बघून त्याने माझ्या बायकोला विचारलं, "वैनी, सोलकढी नाय?" आम्ही पुण्याचे. बायकोने ताक पुढे केलं. तो ते सभ्यपणाने प्यायला आणि मला म्हणाला, "शिरीषभाऊ, मग तुमी कसले मराठी?"

आता थोडं माझ्याविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं. मला अपराधी वाटून घेण्याची जुनी सवय आहे. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या फ्लॅटमध्ये एसी अठरावर लावला की मला उन्हात काम करणारी माणसं आठवतात. मग मी तो वीसवर करतो आणि समाधानाने झोपतो. माझ्यासारख्यांसाठीच परदेशात मराठी मंडळं निघालेली असावीत.

आमच्या मंडळाचा रौप्यमहोत्सव आला होता. अध्यक्ष बर्वेसाहेब त्याच सुमारास सहकुटुंब केनियाची सफारी करून आले. कार्यकारिणीच्या बैठकीत त्यांनी पडद्यावर एका मसाई मुलाचा फोटो लावला आणि भरल्या आवाजात म्हणाले, "या डोळ्यांत मला शिक्षणाची भूक दिसली." फोटोतला मुलगा बर्वेसाहेबांच्या हातातल्या सँडविचकडे बघत होता. पण टाळ्या पडल्या. मसाई मुलांसाठी मंडळाने शाळा बांधायची, असा ठराव तिथल्या तिथे झाला. वर्गणी आधी दिरहममध्ये जाहीर झाली, मग रुपयांत. रुपयांतली टाळी मोठी होती. मसाई माणूस बर्वेसाहेबांनी बसच्या खिडकीतून पाहिला होता. मी रोज एकाबरोबर चहा पीत होतो. त्यामुळे प्रकल्पप्रमुख म्हणून माझी निवड एकमताने झाली.

मी दोघांना घरी बोलावलं. बर्वेसाहेब लॅपटॉप घेऊन आले, कोइनेट ऑफिसातून थेट आला, हातात काजूकतलीचा बॉक्स. त्याने जे सांगितलं ते असं. त्याच्या गावात शाळा आहे. इमारत नाही. त्याची थोरली बहीण नासेरियन बाभळीखाली वर्ग घेते. सकाळी धारा काढून झाल्या की लहान मुलं बसतात. वासरं राखणारी मोठी मुलं दुपारनंतर येतात. पहिली दोन वर्षं सगळं ‘मा’ या त्यांच्या मसाई भाषेत, मग स्वाहिली, मग इंग्रजी. पाणी आणणं, दुपारची पेज शिजवणं हे मुलांच्या आया आळीपाळीने करतात. नासेरियनला काय द्यायचं तेही त्याच ठरवतात, आणि दुधाच्या पैशातून देतात.

"वा! म्हणजे आपण फक्त इमारत बांधायची," बर्वेसाहेब म्हणाले.

"खय बांधायची तां अजून ठरूक नाय," कोइनेट म्हणाला.

अडचण अशी होती, की खोली एकदा उभी राहिली की ती जागची हलत नाही, आणि माणसं हलतात. दुष्काळात निम्मी वस्ती गुरं घेऊन लांब जाते. त्यांच्या मुलांचं काय करायचं? शाळा वस्तीजवळ बांधली तर वासरांसाठी राखलेलं गवत जातं. रस्त्याकडे बांधली तर लहान पोरं पोचत नाहीत. गाव झाडाखाली बसून यावर बोलत होतं. तिथली रीत अशी, की मतदान नसतं. वडीलधारे आधी बोलतात, मग त्यांच्याहून लहान, मग त्यांच्याहून लहान. कोणी कोणाला मध्ये तोडत नाही. सगळ्यांचं पटेपर्यंत बैठक उठते आणि पुन्हा बसते.

"किती दिवस चाललंय हे?"

"आठ महिने."

"आठ महिने? एका खोलीसाठी?" बर्वेसाहेब माझ्याकडे बघून हसले.

"साहेब, तुमच्या ठाण्याच्या बिल्डिंगीचा रिडेव्हलपमेंट किती वर्सां चललाहा?"

बर्वेसाहेबांनी काजूकतली घेतली.

निघताना कोइनेट मला दारात म्हणाला, "कायव करू नको. आधी गुरांक इचारूदे." ऑफिसातही हे त्याचं नेहमीचं वाक्य होतं. गोदामाच्या पाळ्या बदला, ट्रकची वेळ बदला, हा विचारणार, "गुरांक इचारलंस?" म्हणजे ज्यांना त्या निर्णयाच्या मागून चालावं लागणार आहे त्यांना विचारलंस का? आम्ही दरवेळी हसायचो. विचारायचो मात्र नाही.

रौप्यमहोत्सवाची तारीख ठरलेली होती आणि हॉल बुक झालेला होता. झाडाखालच्या म्हाताऱ्यांना याची कल्पना नसावी. आमच्या मंडळातले अर्धे लोक मालवाहतुकीच्या धंद्यातले. आमच्या डोक्यात जगातली प्रत्येक अडचण चाळीस फुटी कंटेनरएवढी असते, आणि तिला बाहेरून कुलूप लावता येतं. त्यामुळे शाळा बांधायची कशाला, पाठवूनच देऊ, ही कल्पना कोणाला विचित्र वाटली नाही. जुना कंटेनर मिळाला. त्याला खिडक्या कापल्या, बाकं जमिनीला बोल्टने पक्की केली, फळा ठोकला, मागच्या भिंतीला एसीसाठी चौकोन ठेवला. गावात वीज नाही हे मी बैठकीत सांगितलं. "येईल की," सचिव म्हणाले. बाहेर मंडळाचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत रंगवलं, की ते विमानातून वाचता यावं. मंडळाच्या मुलांनी त्यावर जिराफ काढला. माझी मुलगी ब्रश हातात घेऊन म्हणाली, "बाबा, व्हाय जिराफ? दे सी जिराफ्स एव्हरी डे." मी तिला म्हटलं, भावना महत्त्वाची.

कागद मंडळातल्याच एकाच्या कंपनीतून गेले, कोइनेटच्या टेबलावरून नाही. मालाच्या कागदांवर तो तिकडे कोणाच्या नावाने पोचणार ते लिहावं लागतं. मंडळ केनियात नोंदलेलं नव्हतं. मी नासेरियनचं नाव टाकलं. यात आमच्या धंद्यातल्या कोणालाही कळण्यासारखी एक गोष्ट आहे. माल ज्याच्या नावाने जातो, तो बंदरातून सोडवण्याची जबाबदारी त्याची. सोडवला नाही तर पडून राहिल्याचं भाडंही त्याच्याच डोक्यावर चढत जातं. झाडाखाली पोरांना बाराखडी शिकवणाऱ्या एका बाईला मी न विचारता चाळीस फुटी लोखंडाची मालकीण केलं होतं. मला वाटलं होतं, तिला आनंद होईल.

जहाज सुटल्यावर मी कोइनेटला ईमेल केली. तो आला. टेबलापुढे उभा राहिला.

"तोंडान सांग."

मी सांगितलं. तो थोबाडीत मारेल असं मला क्षणभर वाटलं. मारली असती तर बरं झालं असतं, असंही मला नंतर बरेच दिवस वाटत होतं. तो म्हणाला, "माझ्या बहिणीचा नाव?" आणि खुर्ची ओढून बसला. ऑफिसात मी त्याला दुसऱ्याच्या टेबलाशी बसलेलं पहिल्यांदा पाहिलं.

मग त्याने ते केलं जे करण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं. मोंबासा बंदरात ओळखी लावल्या, कागद पुरे केले, कंटेनर सोडवला. गावाला विचारायला वेळ नव्हता. विचारत बसला असता तर बंदराचं भाडं नासेरियनच्या नावावर चढत राहिलं असतं. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लिहिलं, ‘श्री. कोइनेट यांचे अनमोल सहकार्य’. खाली एकामागून एक अंगठे आले.

उद्घाटनाला बर्वेसाहेब, मी आणि कोइनेट असे तिघे गेलो. ट्रक डांबरी रस्ता सोडून आत जाऊ शकला नव्हता. त्यामुळे ड्रायव्हरने कंटेनरची ती पेटी जिथे रस्ता संपतो तिथे, बाजाराच्या वळणावर उतरवली होती. वस्ती तिथून चालत दीड तास. जो प्रश्न गाव इतके महिने सोडवत होतं, तो ड्रायव्हरने एका दुपारी सोडवला होता. उन्हात पेटीचा पत्रा इतका तापलेला, की बर्वेसाहेबांनी कौतुकाने हात टेकला आणि लगेच काढून घेतला. कोइनेटने जिराफाकडे निरखून बघितलं. "मान बारीक झाली," म्हणाला, आणि वस्तीकडे चालू लागला.

नासेरियन आम्हाला वाटेत सामोरी आली. कोइनेटएवढीच उंच, त्याच्यासारखीच डोळे बारीक करून बघणारी. तिने माझ्याशी हात मिळवला आणि भावाला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. "काय म्हणाली?" मी विचारलं.

"इचारता, माझा नाव लिवणारो तो होच काय?"

दुसऱ्या दिवशी बैठक बसली. या वेळी आयाही वर्तुळात होत्या, कारण वर्ग त्यांचा. प्रश्न साधा होता. काही वडीलधारे म्हणत होते, पत्र्याची का होईना, बाजारात पक्की शाळा आयती आली आहे, मुलं तिथे पाठवा आणि झाडाखालचा वर्ग बंद करा. म्हणजे ज्यांचे पाय दीड तास चालण्याएवढे मोठे झाले नाहीत ती मुलं घरी, आणि वासरांमागची मुलं पुन्हा नुसतीच वासरांमागे. नासेरियन ज्यांच्यासाठी इतकी वर्षं झाडाखाली बसली, नेमकी तीच गळणार होती.

बर्वेसाहेबांनी चार मिनिटं भाषण केलं. कोइनेटने त्याचं भाषांतर पाऊण तास केलं, कारण तिथे नुसतं ‘आम्ही आनंदित आहोत’ म्हणून भागत नाही. हा माणूस कोण, कोणाचा, कुठून आला, त्याची गुरं कोण राखतं, हे सगळं आधी सांगावं लागतं. एका म्हातारीने विचारलं, "पेटी मोडली तर आम्ही कोणाकडे जायचं?" बर्वेसाहेबांनी व्हिजिटिंग कार्ड दिलं. ते हातोहात वर्तुळभर फिरून पुन्हा त्यांच्यापाशी आलं.

"आता निर्णय कधी?" त्यांनी मला कानात विचारलं. त्यांचं विमान होतं. संध्याकाळच्या आत ते बाजारात गेले, दुकानदाराची मुलं गोळा करून त्यांनी फीत कापली, फोटो काढले, ग्रुपवर टाकले आणि नैरोबीला रवाना झाले. शाळेचं उद्घाटन झालं. शाळा होती की नाही, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

मी आणखी दोन दिवस थांबलो. त्या दोन दिवसांतला कोइनेट मला आजही दिसतो. जबल अलीत ज्याच्या भुवईवर ट्रक थांबत आणि सुटत, तो माणूस जमिनीवर पाय दुमडून वर्तुळाच्या पार कडेला बसला होता आणि बोलत नव्हता. म्हातारे बोलत होते. तावातावाने, सावकाश, गाणं म्हटल्यासारखं. मधूनच एखादा त्याच्याकडे बोट दाखवून काहीतरी बोले आणि हा मान खाली घाले.

"काय म्हणतायत?"

"म्हणतत, हो कोइनेट दुबईक गेलो आणि ट्रक झालो. कोणीव भरता आणि पाठवता."

"अरे, मग तू सांग ना खरं काय झालं ते! माझं नाव सांग."

"गप रव. माजो नंबर येवक नाय अजून."

बैठकीच्या तिसऱ्या दिवशी माझी रजा संपत होती. त्याचीही संपत होती. आमच्या कंपनीत रजा संपल्यावर न आलेल्या माणसाबद्दल कोणी झाडाखाली बसून विचार करत नाही. मी बॅग भरून त्याच्याजवळ गेलो. "यल्ला, चल. बोलायचं ते नासेरियन बोलेल."

"ती बोलली. आता तिच्यावांगडा, तिच्या बाजून कोणतरी बोलूक व्हयो ना? तू जा. माका रवाक व्हया."

मी गेलो. मला पुढे माल पाठवायचा होता.

कोइनेट बारा दिवस उशिरा परतला. टेबल आवरायला आणि राजीनामा द्यायला. दोन्ही कामं त्याने एका सकाळी केली. निर्णय काय झाला ते कळायला मला त्याच्या टेबलापर्यंत चालत जावं लागलं. वर्ग झाडाखालीच राहणार. बाकं आणि फळा सोडवून, गाढवांवर लादून वस्तीत आणले. पेटी बाजारातल्या बायकांना धान्य ठेवायला दिली. आणि एक दुसरा वर्ग निघणार, जो दुष्काळात गुरांबरोबर चालेल. त्याच्यासाठी माणूस लागणार होता.

"तो तू?"

"मगे कोण? बर्वेसाहेब?" तो ड्रॉवर उपटून खोक्यात रिकामा करत म्हणाला. "चार महिने पोरांच्या मागसून चलायचां. एसी नाय, कँटीन नाय. प्रमोशन आसा."

मंडळाने त्याचा निरोप समारंभ केला. बर्वेसाहेबांनी शाल घातली, नारळ दिला आणि ‘आपला केनिया प्रकल्प यशस्वी केल्याबद्दल’ आभार मानले. बाजारातल्या बायकांचा मका भरलेल्या पेटीचा फोटो त्यांनी पाहिला नव्हता. कोइनेटने पाठवलेला तो फोटो माझ्या फोनमध्ये होता. मी टाळ्या वाजवल्या.

विमानतळावर मी त्याला सोडायला गेलो. शेख झायेद रोडवर गाडी लागल्यावर त्याने सहज सांगितलं, की बैठकीने त्याला दंड केला. एक कालवड. गावाला न विचारता पेटी सोडवली म्हणून.

मी गाडी हळू केली. "पण तुझी काय चूक? नाव मी टाकलं. पेटी मी पाठवली. तू सांगितलंस ना त्यांना?"

"सांगितलंय. माजो नंबर इलो तेवा सगळा सांगितलंय."

"मग?"

"मग कायव नाय. कालवड दिली."

"कोइनेट, ती कालवड मी देतो. निदान अर्धी. नाहीतर दुसरी. त्यांना सांग, मलाही दंड करा. मला बरं वाटेल रे."

तो इतका हसला, की शेजारच्या गाडीतल्या माणसाने काच खाली केली. "आमच्याकडे दंड चुकवूक माणसां डोंगर पार करून पळतत. आणि हो मेलो दंड मागता!"

"मी सिरियसली बोलतोय."

"माका म्हायत आसा." त्याने हसू आवरलं. मग मला समजावं म्हणून सावकाश म्हणाला, "शिरीषभाऊ, तुझा नाव निघाला होता बैठकीत. नासेरियनच म्हणाली, ह्याका दंड करूया. म्हातारे नाय म्हणाले. दंड आपल्या माणसाक लावतत. तू पावणो. पावण्याक च्या पाजतत."

डिपार्चरच्या दारात त्याने बॅगा उतरवल्या. माझ्या डोक्यावर तळहात ठेवला. त्यांच्याकडे मोठी माणसं लहान मुलांच्या डोक्यावर असाच हात ठेवतात. मी त्याच्याहून पाच वर्षांनी मोठा आहे. मग तो ट्रॉली ढकलत आत गेला, आणि मागचा टॅक्सीवाला हॉर्न वाजवू लागला, म्हणून मी गाडी काढली.